तुम्हाला दिसतंय की: कथनकौशल्याच्या प्रकल्पातल्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५

हा प्रकल्प ज्या प्रसंगातून सुरू झाला तो आधी लिहून ठेवते. जिराफला (हे टोपणनाव; वय १४, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम) शाळेच्या जिन्यावर एका मुलाने ढकललं. जिराफने वळून त्या मुलाचं दप्तर खाली फेकून दिलं. "काय झालं?" असं शिक्षकांनी विचारल्यावर त्याने सांगितलं ते असं: दप्तर निळं होतं, चेन उघडी होती, जिन्याला २२ पायऱ्या आहेत, तो चौदाव्या पायरीवर होता. यातलं एकही खोटं नाही. ढकलल्याचं मात्र त्याने सांगितलंच नाही. दुसऱ्या मुलाने तीन वाक्यांत आपली बाजू मांडली आणि शिक्षा जिराफला झाली.

भाषेच्या चाचणीत जिराफचा शब्दसंग्रह आणि व्याकरण वयाला साजेसं येतं. म्हणजे आम्हा वाचा-भाषा उपचारकांच्या नेहमीच्या चाचण्यांनुसार त्याला भाषेची अडचण नाहीच. पण "काय झालं ते सांग" हे वाक्य शिक्षक म्हणतात, डॉक्टर म्हणतात, पोलीस म्हणतात, मित्रही म्हणतात, आणि प्रत्येकाला उत्तर गोष्टीच्या रूपातच हवं असतं. आधी काय घडलं, त्यामुळे काय झालं, तुला काय वाटलं, शेवटी काय. ज्याला हे बांधता येत नाही त्याचं खरंही कोणाला पटत नाही. बोबडे बोल, अडखळणं, चुकीचे प्रत्यय यांवर आम्ही वर्षानुवर्षं काम करतो, आणि ही गोष्ट मात्र "वयानुसार येईल" म्हणून सोडून देतो. मला ते आता सोडायचं नाही.

गट सात जणांचा, वयं ११ ते १७. नावं नोंदीत येणार नाहीत. टोपणनावं मुलांनी स्वतः निवडली: जिराफ आणि चिमणी (१३) स्वमग्न, भोवरा (१२) आणि रिमझिम (१६) यांना एडीएचडी, ढग (११) आणि पणती (१५) यांना विकासात्मक भाषा विकार (वाढीच्या वयात भाषा शिकायला-वापरायला अडचण), कप्तान (१७) याला डाउन सिंड्रोम. संमती पालकांची घेतली आणि मुलांचीही. मुलाने "नको" म्हटलं की रेकॉर्डर बंद, कारण विचारायचं नाही.

७ ऑगस्ट

पालकांच्या बैठकीत सगळ्यात जास्त प्रश्न पणतीच्या निदानाबद्दल आले. ऑटिझम आणि एडीएचडी हे शब्द आता घरोघरी पोचलेत, विकासात्मक भाषा विकार मात्र कोणी ऐकलेलाच नसतो. हे नाव २०१६-१७ मध्ये डोरोथी बिशप आणि इतर तज्ज्ञांच्या सहमतीतून पक्कं झालं. त्याआधी एकाच अडचणीला डझनभर नावं होती. साधारण १४ मुलांमागे एकाला ती असते, म्हणजे तीसच्या वर्गात दोघं. बाहेरून काहीच दिसत नाही. मूल "लक्ष देत नाही", "मंद आहे", "लाजतं" एवढंच लोकांना वाटतं. पणतीच्या वडिलांनी बैठक संपल्यावर बराच वेळ खुर्ची सोडली नाही. "आम्ही तिला किती ओरडलो," एवढंच म्हणाले.

१९ ऑगस्ट

साधनाची निवड. कथनाच्या अभ्यासात जगभर सर्वाधिक वापरलं गेलेलं साधन म्हणजे मर्सर मेयर यांचं १९६९ सालचं शब्दविरहित चित्रपुस्तक. मुलगा, त्याचा कुत्रा आणि बरणीतून पळालेला बेडूक. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी १९९४ मध्ये पाच भाषांमधल्या मुलांकडून हीच गोष्ट वदवून घेऊन त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यामुळे तुलनेला भरपूर आधार मिळतो, आणि मीही तेच घ्यायचं ठरवलं होतं.

आज दोन सहकाऱ्यांना गोष्ट सांगायला बसवलं आणि अडले. मराठीत मुलगा पुल्लिंगी, कुत्रा पुल्लिंगी, बेडूकही पुल्लिंगी. "तो बाहेर आला, त्याला बघून तो घाबरला आणि पडला." कोण आला, कोण घाबरला, कोण पडला? माझ्या सहकाऱ्यांना भाषेची कसलीही अडचण नाही, तरी त्यांच्या कथनात चार ठिकाणी मला चित्र पाहावं लागलं. अशा साधनावर ढगची परीक्षा घ्यायची आणि "पात्रं ओळखू येत नाहीत" म्हणून त्याचे गुण कापायचे, हा अन्याय होईल. दोष साधनाचा आणि शिक्का मुलावर.

२ सप्टेंबर

स्वतःच चित्रं काढून घेतली. सहा चित्रं, तीन प्रसंग. प्रत्येक प्रसंगात एकाला काहीतरी हवं असतं, तो ते मिळवायला धडपडतो, आणि त्याचं काहीतरी होतं. हा आराखडा बहुभाषिक मुलांसाठी २०१२ मध्ये तयार झालेल्या 'मेन' या चाचणीवरून घेतला आहे. पात्रं मुद्दाम तीन लिंगांची ठेवली: मुलगी, कुत्रा, पिल्लू. आता नाव न घेताही क्रियापद बोलतं. पडली म्हणजे मुलगी, पडला म्हणजे कुत्रा, पडलं म्हणजे पिल्लू.

तरी हे अर्धंच खरं आहे. "धावला, पडला" यांत कर्ता कळतो, पण "उचललं" म्हटलं की क्रियापद उचललेल्याच्या लिंगाने चालतं, उचलणाऱ्याच्या नाही. पिल्लू उचललं हे कळलं. मुलीने की कुत्र्याने, ते कळत नाही. भाषा विकार असलेल्या मुलांची नेमकी इथेच, 'ने' प्रत्ययात आणि क्रियापदाच्या लिंगवचनात घसरगुंडी होते. ढग "मुलगी पिल्लू उचलली" म्हणाला तर चूक व्याकरणाची आहे. कोणी कोणाला उचललं हे त्याला पक्कं माहीत आहे. म्हणून गुणपत्रिकेत दोन रकाने वेगळे केले: प्रत्यय बरोबर आहे का, आणि कोण कुठलं हे ऐकणाऱ्याला कळतंय का. इतकी वर्षं हे दोन्ही मी एकाच रकान्यात टाकत आले.

११ सप्टेंबर

सातही जणांचं पहिलं ध्वनिमुद्रण पूर्ण.

कप्तान पहिला. त्याची वाक्यं दोन-तीन शब्दांची. "पिल्लू पडलं. आई नाही. रडतं. कुत्रा आला. खातो? नको! मुलगी पळ. वाचलं." कागदावर उतरवलं तर दोन-अडीच वर्षांच्या मुलाची वाक्यं वाटतील. पण बघा, त्यात संकट आहे, हेतू आहे, ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा असा क्षण आहे आणि शेवट आहे. निदानाचा गट पाहून निष्कर्षाची घाई करणं बरोबर नाही, पण हे आधीही दिसलेलं आहे. माइल्स आणि चॅपमन यांच्या २००२ च्या अभ्यासात डाउन सिंड्रोम असलेल्यांनी, तेवढ्याच लांबीची वाक्यं बोलणाऱ्या लहान मुलांपेक्षा कथानक जास्त सांगितलं होतं. वाक्याची लांबी मोजून कप्तानबद्दल जे ठरवलं जातं ते चूक आहे, हे मी त्याच्या पुढच्या अहवालात पहिल्या ओळीत लिहिणार आहे.

चिमणीने आवाज बदलून तिन्ही पात्रं उभी केली. पिल्लाचा आवाज अगदी बारीक, कापरा. "घाबरलं", "वाटलं" असा एकही शब्द तिने वापरला नाही, म्हणून "पात्रांच्या मनातलं" या रकान्यात तिला शून्य पडलं. हे पटत नाही. लबोव्ह आणि वालेत्स्की यांनी १९६७ मध्ये कथनाच्या घटकांत मूल्यमापन हा घटक मांडला, म्हणजे सांगणारा "हे का सांगतोय" ते ज्यातून कळतं तो भाग. तो शब्दातूनच यावा असं कुठे आहे? आवाजासाठी वेगळा रकाना आजच जोडला.

जिराफने सहाही चित्रांचं वर्णन केलं. फांदीवर पानं किती, मुलीच्या बुटाला लेस आहे की नाही. चित्रं सहा, पण गोष्ट एकही नाही.

१२ सप्टेंबर

ध्वनिमुद्रण उतरवून घेण्याचा दिवस. चार मिनिटांच्या कथनाला पाऊण तास लागतो, कारण "अं", अडखळणं, अर्धवट सोडलेलं वाक्य, सगळं जसंच्या तसं हवं.

मोजणीचा वाद. रिमझिमचं एक वाक्य: "मग ती उठून, खिडकी उघडून, बाहेर वाकून त्याला हाक मारली." ऊन-प्रत्ययाच्या माळेत चार घटना ओवल्या, एकच पूर्ण क्रियापद. केलॉग हंट यांनी १९६५ मध्ये इंग्रजीसाठी ठरवलेल्या पद्धतीने मुख्य वाक्य आणि त्याला जोडलेली गौण वाक्यं मिळून एक एकक. त्या हिशेबाने हे एकच. मग ज्याने "ती उठली. खिडकी उघडली. बाहेर वाकली. हाक मारली." म्हटलं त्याची वाक्यं चार, आणि सरासरी लांबी अगदी कमी. दोघांनी सांगितलं तेच. ठरवलं ते असं: लांबीसाठी एक, कथानकासाठी चार घटना.

"मग" या शब्दाचं काय करायचं ते अजून नक्की नाही. "मग तो पळाला" यात नंतर आहे की म्हणून आहे? मराठीत दोन्ही असू शकतं. सध्या प्रत्येक "मग" मी आणि सहकारी अशा दोघींनी स्वतंत्र ऐकायचा आणि मग ताडून पाहायचा, एवढंच.

१८ सप्टेंबर

आज जिराफजवळ बसून चित्रं पुन्हा उलगडली. मी विचारलं, "कुत्रा का पळाला?" तो गप्प. पुन्हा विचारलं. मग तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्हाला दिसतंय की."

हे वाक्य मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्याचं बरोबर आहे. चित्र आमच्या दोघांच्या मध्ये होतं. मला जे दिसतंय तेच तो मला का सांगेल? आपण मोठी माणसं या खोट्या खेळात सराईतपणे सामील होतो, कारण शाळेने आपल्याला तो शिकवला आहे: उत्तर माहीत असलेला माणूस प्रश्न विचारतो. जिराफ त्या खेळात उतरत नाही. त्याला कारण समजत नाही असा निष्कर्ष काढण्याआधी मला माझी बसण्याची जागा बदलायला हवी.

'मेन' चाचणीच्या सूचनांत हे आहेच. चित्रं फक्त मुलाने पाहायची, परीक्षकाने नाही. कुठली गोष्ट आहे ते परीक्षकाला ठाऊक नाही असं मुलाला वाटायला हवं. मी ती ओळ कितीदा तरी वाचली होती आणि चाचणीच्या शिस्तीचा भाग समजून पुढे गेले होते.

३० सप्टेंबर

टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा. सांगणाऱ्याच्या बाजूला चित्रं, ऐकणाऱ्याच्या बाजूला काहीच नाही. चित्रं नवीन, सहकाऱ्याने काढलेली. मी ती खरोखर पाहिलेली नाहीत. पाहिली नसल्याचं नाटक या मुलांना लगेच कळतं.

पणतीच्या कथनात पहिल्यांदाच "कारण" आलं. भोवरा मध्येच थांबून "थांबा, ते आधी सांगायला हवं होतं" म्हणाला. जिराफने अजूनही पानांपासून सुरुवात केली, पण तिसऱ्या चित्राला स्वतःहून विचारलं: "मांजर सांगितली का मी?" नव्हती सांगितली. त्याने मग सांगितली.

सहकारी म्हणते, यात आपण कौशल्य शिकवलं कुठे, फक्त परिस्थिती बदलली. मला वाटतं मुलं ज्याच्यावाचून अडली होती ते हेच असेल. अजून नक्की लिहीत नाही.

९ ऑक्टोबर

ऐकणारी मी नको, मुलंच हवीत. जोड्या: जिराफ आणि ढग, चिमणी आणि पणती, कप्तान आणि रिमझिम. भोवरा आळीपाळीने.

या निर्णयामागे एक जुना मुद्दा आहे. स्वतः स्वमग्न असलेले डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्हीकडून असतं. स्वमग्न माणसाला इतर कळत नाहीत तसेच इतरांनाही तो कळत नाही. मग क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये कानगोष्टींसारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे सरकवली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी इतरांच्या साखळीत. मिसळलेल्या साखळीत मात्र ती जास्त झिजली. पुढे त्यांनीच २०२५ मध्ये कितीतरी मोठ्या गटावर हे पुन्हा केलं तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही. दोन्ही निकालांत स्वमग्न साखळी इतरांच्या बरोबरीची आहे, आणि माझ्यासाठी महत्त्वाचं तेच. "स्वमग्न मुलं गोष्ट पोचवू शकत नाहीत" हे वाक्य मी यापुढे प्रशिक्षणात वापरणार नाही.

ढग चांगला श्रोता आहे. त्याला लांब वाक्य पेलत नाही, म्हणून तो लाज न बाळगता थांबवतो: "कोण?" एवढा एकच शब्द. माझ्या दहा प्रश्नांपेक्षा त्याचा "कोण?" जिराफला जास्त उपयोगी पडतो.

३० ऑक्टोबर

आज माझी चूक लिहायची आहे. गेले तीन आठवडे मी सगळ्यांना रंगीत पत्ते दिले होते: कोण, कुठे, काय बिघडलं, काय वाटलं, काय केलं, शेवट. पत्ते उपयोगी पडतात, विशेषतः एडीएचडी असलेल्या मुलांना. पण ढगच्या आजच्या कथनात नऊ वेळा "त्याला वाईट वाटलं" आलं. झाडाला वाईट वाटलं. बॉलला वाईट वाटलं. पत्ता दिसला की वाक्य म्हणायचं, हे तो शिकला. आणि माझ्या गुणपत्रिकेत त्याचे गुण वाढले! पहिल्या ध्वनिमुद्रणापेक्षा किती तरी पुढे. अहवालात हा आकडा टाकला असता तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

वाटण्याचा पत्ता काढून टाकला. त्याऐवजी ऐकणाऱ्याच्या हातात एकच पत्ता: "मग त्याला कसं वाटलं असेल?" श्रोत्याला खरोखर प्रश्न पडला तरच त्याने तो उचलायचा. शिवाय आनंद, दुःख, राग यांच्या पलीकडे शब्दच नसतील तर मूल काय म्हणणार? हिरमुसणं, ओशाळणं, खट्टू होणं, धास्तावणं, सुखावणं, चिडचिड, हुरूप. पुढचे दोन तास फक्त यांवर. कप्तानला "हिरमुसला" इतका आवडला की जाताना दारातून सांगून गेला, "आज मी हिरमुसलो नाही."

१३ नोव्हेंबर

चित्रं बाजूला. स्वतःच्या गोष्टी. "तुझ्या आयुष्यातला एखादा प्रसंग सांग" असं म्हटलं की मुलं छताकडे पाहतात. कॅरोल पीटरसन आणि अलिसा मकेब यांनी १९८३ च्या पुस्तकात वापरलेली युक्ती मला सर्वांत भावते: आधी आपण स्वतःचा एक छोटा, खरा प्रसंग सांगायचा आणि मग सहज विचारायचं, "तुझं झालंय का कधी असं?" मी हाताला मधमाशी चावल्याचं सांगितलं. पाच मिनिटांत सहा गोष्टी मिळाल्या. दंश, टाके, कुत्रा मागे लागणं.

रिमझिम १६ वर्षांची. एरवी पटपट बोलून विषय बदलते. आज तिने वर्गात सगळ्यांसमोर तिची वही वाचून दाखवली गेली त्या दिवसाचं सांगितलं. क्रम उलटसुलट, वाक्यं अर्धवट, पण "हे मी का सांगतेय" ते पहिल्या शब्दापासून कळत होतं. मी रेकॉर्डर बंद करू का विचारलं. "नको, राहू दे," म्हणाली. मी ते उतरवून घेतलं आहे, पण गुण दिलेले नाहीत आणि देणारही नाही.

२० नोव्हेंबर

भोवरा. त्याला गोष्ट समजते; प्रश्न विचारले तर मुख्य मुद्दे सगळे सांगतो. सांगताना मात्र अर्धे गळतात आणि क्रम मोडतो. टॅनॉक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एडीएचडी असलेल्या मुलांबद्दल हेच लिहिलं होतं: आकलन ठीक, मांडणी विस्कळीत. म्हणून त्याला आणखी गोष्टी समजावून काही होणार नाही. सांगण्याआधी एक मिनिट काड्यांची माणसं काढायला दिली, चार चौकोनांत. चित्र कसंही असो. ते समोर ठेवून बोलला तेव्हा शेवटापर्यंत पोचला. आईला घरीही हेच करायला सांगितलं, पण शाळेतून आल्या आल्या नाही, खाऊन-खेळून झाल्यावर.

४ डिसेंबर

दुसरं ध्वनिमुद्रण. पणती आणि भोवरा यांच्यात स्पष्ट फरक. चिमणीत काही नाही, आणि तिला गरजही नव्हती. कप्तानची वाक्यं तितकीच लहान, शब्द मात्र नवे. ढगचे प्रत्यय होते तिथेच आहेत, "कोण?" हा प्रश्न तो आता स्वतःलाही विचारतो आणि बोलता बोलता दुरुस्ती करतो. सात जणांवरून काही सिद्ध होत नाही, तुलनेचा गट नव्हता, आणि गुण देणारी मीच. पुढच्या वेळी गुण देणाऱ्याला कुठलं ध्वनिमुद्रण आधीचं आणि कुठलं नंतरचं ते माहीत नसावं.

उतरवून घेताना तीन सेकंदांहून लांब शांतता "प्रतिसाद नाही" म्हणून खुणावायची असा आमचा नियम होता. तो आज रद्द केला. शांतता सेकंदांत लिहायची, बाकी काही नाही.

११ डिसेंबर

शेवटची बैठक. आडोसा आज हवा असेल त्यांनीच घ्यायचा होता. जिराफने घेतला. पलीकडे ढग. जिराफने स्वतःहून जिन्याची गोष्ट काढली. मी सुचवली नव्हती. उतरवून घेतलेला भाग असा:

जिराफ: जिन्याला २२ पायऱ्या आहेत. मी चौदाव्या पायरीवर होतो. दप्तर निळं होतं. मी ते खाली फेकलं.
ढग: कोणाचं?
जिराफ: त्या मुलाचं. माझ्या मागे होता तो.
ढग: का फेकलंस?
(११ सेकंद)
जिराफ: त्याने मला आधी ढकललं होतं. ते तुला माहीत नाही.
ढग: मग ते आधी सांग ना.
(४ सेकंद)
जिराफ: बरं. मी जिना उतरत होतो. माझ्या मागे एक मुलगा होता.